वेरूळच्या लेण्यांतले नानासाहेब : एका कादंबरीची आणि एका चुकीची हकिकत

गेल्या श्रावणातली गोष्ट. घृष्णेश्वराला गर्दी होती. दर्शन आटोपून लेण्यांकडे आलेल्या एका कुटुंबाला आमच्या गावचा एक तरुण माहिती सांगत होता. कैलास पाहून झाल्यावर त्याने डोंगराच्या उत्तर अंगाला हात केला आणि म्हणाला, “सत्तावनच्या बंडानंतर नानासाहेब पेशवे इथंच लपले होते. इंग्रजांनी औरंगाबादेत इनामाचे कागद चिकटवले, तरी सापडले नाहीत.” कुटुंबातल्या आजोबांनी त्या दिशेला हात जोडले. मी मागेच उभा होतो. मंडळी पुढे गेल्यावर मी त्याला विचारले, हे तुला कुठे मिळाले? तो म्हणाला, “काका, तुम्हीच तर लिहिलं होतं!”

खरे होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी मी दीड पानाचा मजकूर दिला होता. त्यात ‘एका फ्रेंच ग्रंथकाराने नमूद केल्याप्रमाणे १८६७ साली नानासाहेब वेरूळच्या लेण्यांत होते’ असे वाक्य होते. वाक्यातला प्रत्येक शब्द तसा बरोबर आहे. फक्त तो ग्रंथकार ज्यूल व्हर्न होता आणि तो ग्रंथ म्हणजे वाफेवर चालणाऱ्या लोखंडी हत्तीची कादंबरी होती, हे मी लिहिले नव्हते. विसरलो असे म्हणणे सोपे आहे, पण विसरलो नव्हतो. आपल्या गावाचे नाव सत्तावनच्या इतिहासात यावे, एवढा मोह मला आवरला नाही. हा लेख म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती. ती करताना लक्षात आले, की ही चूक केवळ एका वाक्याची नाही. लहानपणापासून मनात घर करून बसलेल्या एका नायकाशी तिचा संबंध आहे. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

नेमो : आपला आणि परका

मी कोणत्याही विद्यापीठाचा माणूस नाही. बारावीनंतर दुकान सांभाळले, आणि जे वाचले ते वाचनालयांतून आणि रद्दीतून. शाळेत असताना भा. रा. भागवतांच्या मराठीतून ज्यूल व्हर्नशी ओळख झाली. मराठीत व्हर्न त्याच्याही पुष्कळ आधी आला होता. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच त्याची चंद्राची सफर मराठी रूपात येऊ लागली होती, आणि मराठी विज्ञानकथेचा इतिहास लिहिणारे बहुधा तिथूनच आरंभ करतात. पण माझ्या पिढीचा व्हर्न भागवतांचा.

व्हर्नच्या कादंबऱ्या ‘असाधारण सफरी’ या एकाच मालेत प्रसिद्ध होत. त्या मालेतला सर्वांत गाजलेला नायक म्हणजे नॉटिलस पाणबुडीचा कप्तान नेमो. ‘समुद्राखालील वीस हजार लीग’ १८६९-७० मध्ये आली, तेव्हा तो कोणत्या देशाचा हे वाचकाला सांगितलेले नव्हते. नेमो या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘कोणीही नाही’. १८७४-७५ मध्ये ‘गूढ बेट’ आली आणि त्या कादंबरीच्या शेवटी मरणाच्या दारात असलेला नेमो आपली ओळख देतो : तो राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा भाचा. दहाव्या वर्षी शिक्षणासाठी युरोपात गेला, सगळ्या विद्या शिकला, परत आला, १८५७ च्या उठावात लढला, बायको-मुले गमावली आणि उरलेल्या निष्ठावंतांना घेऊन समुद्राच्या पोटात गेला.

हे आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी मला सांगितले तेव्हा मी सातवीत होतो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पाणबुडीचा कप्तान आपल्याकडचा, सत्तावनचा! त्या दिवसापासून नेमो माझा झाला. पुढे २००३ साली एका इंग्रजी चित्रपटात नसीरुद्दीन शाह नेमो झाले, तेव्हा चाळिशीकडे झुकलेला मी सातवीतल्या मुलासारखाच खूश झालो होतो.

वाचन वाढले तसा हा आनंद खडबडीत होत गेला. पहिली गोष्ट म्हणजे नेमो मुळात आपला नव्हताच. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा सरदार होता आणि त्याचे कुटुंब रशियनांनी मारले होते. प्रकाशक हेत्झेलला हे चालेना. रशियात त्याची पुस्तके खपत आणि फ्रान्सला रशियाशी बिघडवून घ्यायचे नव्हते. मग नेमोचा देश आणि त्याचा शत्रू दोन्ही धूसर ठेवण्यात आले. नेमोच्या खोलीतल्या तसबिरी पाहिल्या म्हणजे हे ध्यानात येते. तिथे पोलंडचा कोशचुश्को आहे, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, इटलीचा मानिन, अमेरिकेचे वॉशिंग्टन, लिंकन आणि जॉन ब्राउन आहेत. हिंदुस्थानचा एकही नाही. ज्याने सत्तावनमध्ये आपले सगळे गमावले, त्याच्या भिंतीवर सत्तावनचा एकही चेहरा नसावा? कारण साधे आहे. तसबिरी टांगल्या गेल्या तेव्हा तो अजून हिंदुस्थानी झालेला नव्हता. दोन कादंबऱ्यांच्या सनावळ्याही त्यामुळे एकमेकींशी जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट वंशावळीची. टिपू १७९९ मध्ये पडला. १८४९ साली तिशीत परतलेला डक्कर त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी जन्मलेला असणार. शिवाय म्हैसूर कुठे आणि बुंदेलखंड कुठे! युरोपातल्या वाचकाला इंग्रजांचा शत्रू म्हणून टिपूचे नाव ठाऊक होते, तेवढ्यासाठी ते जोडले आहे. गंमत अशी, की हिंदू राजवंश, मुसलमान घराणे, बुंदेलखंड आणि सत्तावन हे सारे एकत्र आलेला माणूस खरोखरच होता. बाजीराव आणि मस्तानी यांच्या वंशातले बांद्याचे नवाब अली बहादूर १८५७ च्या उठावात उतरले, १८५८ मध्ये त्यांचा पराभव झाला आणि पुढे इंग्रजांनी त्यांना पेन्शन देऊन इंदूरला ठेवले. त्यांना पाणबुडी मिळाली नाही. मराठी वाचकांपैकीही किती जणांना त्यांचे नाव आठवते?

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. ‘गूढ बेट’मध्ये नेमो आपली कहाणी सांगून झाल्यावर अमेरिकन इंजिनिअर सायरस स्मिथला विचारतो, मी चुकलो की बरोबर होतो? स्मिथ आदराने पण स्पष्ट सांगतो, की गेलेला काळ परत आणता येतो असे तुम्ही मानलेत आणि अटळ प्रगतीशी झुंजलात, हीच तुमची चूक. सत्तावनवर हा निवाडा आहे, आणि तो देण्याचे काम लेखकाने एका अमेरिकनाकडे दिले आहे. व्हर्नच्या हस्तलिखितात नेमो प्राण सोडताना स्वातंत्र्याचे नाव घेतो. छापील पुस्तकात त्याऐवजी देव आणि मायभूमी आली. इंग्रजी भाषांतरकारांनी तर पुढचीही मजल मारली. १८७५ च्या इंग्रजी आवृत्तीत डक्करच्या पूर्वायुष्याचा भाग इंग्रज वाचकाला बोचणार नाही असा बदलून टाकलेला आहे. पुढे अनेक भाषांतली रूपांतरे इंग्रजीवरूनच झाली, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्यापर्यंत पोचलेला नेमो किती हातांतून घासून आला असेल याची कल्पना येते.

वाफेचे घर

आता वेरूळ. ‘वाफेचे घर’ ही कादंबरी १८७९ च्या डिसेंबरपासून क्रमशः आली आणि १८८० मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मला ती औरंगाबादच्या रद्दीत इंग्रजी भाषांतराच्या रूपात मिळाली. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती तीन महिन्यांत वाचली. पुढे फ्रेंच जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडून महत्त्वाची प्रकरणे मुळाशी ताडून घेतली. इंग्रजीत तिचे दोन भाग केले आहेत. पहिल्याच्या नावाचा अर्थ ‘कानपूरचा सैतान’, दुसऱ्याच्या नावाचा ‘वाघ आणि विश्वासघातकी’. एवढ्यावरून इंग्रज प्रकाशकाचा रोख कळावा.

कादंबरीचे पहिले पान औरंगाबादेत उघडते. तारीख ६ मार्च १८६७. शहरात जाहीरनामे लागले आहेत : मुंबई इलाख्यात आल्याची खबर असलेल्या बंडखोर पुढाऱ्याला जिवंत वा मेलेला आणून देणाऱ्यास दोन हजार पौंड. नदीकाठच्या एका पडक्या बंगल्याच्या भिंतीवरचा जाहीरनामा मात्र खालच्या कोपऱ्यात फाटलेला आहे आणि मोठ्या अक्षरांतले नाव नाहीसे झाले आहे. एका फकिराने ते फाडून नेले आहे. काही लोक या नावाला शिव्याशाप देतात आणि काही मनातल्या मनात त्याचे कौतुक करतात, असे व्हर्न तिथेच सांगून टाकतो. तो फकीर म्हणजेच नानासाहेब. त्याला ओळखू शकणाऱ्या एका माणसाचा तो काटा काढतो, रातोरात शहराबाहेर पडतो आणि वेरूळच्या लेण्यांत भाऊ बाळाराव याला भेटतो. चौथ्या प्रकरणाच्या नावातच वेरूळ आहे.

पुढची कथा थोडक्यात अशी. कर्नल मन्रो नावाचा इंग्रज अधिकारी, त्याचे मित्र आणि कथा सांगणारा एक फ्रेंच गृहस्थ कलकत्त्याहून वाफेच्या लोखंडी हत्तीने ओढलेल्या दोन चाकांवरच्या घरांतून उत्तर हिंदुस्थानात फिरायला निघतात. मन्रोची पत्नी कानपुरात मेली असे सर्वांना वाटते आहे. मन्रोने लढाईत झाशीच्या राणीला स्वतःच्या हाताने मारले आहे. नानाला त्याचा सूड हवा आहे आणि मन्रोला नानाचा. शेवटी नाना मन्रोला तोफेच्या तोंडी बांधतो, मन्रो सुटतो, आणि हत्तीला जखडलेला नाना बाष्पकाच्या स्फोटात संपतो.

व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याने प्रवासवर्णने आणि नकाशे समोर ठेवून हा देश रचला. वेरूळची माहिती युरोपात तोवर भरपूर होती. थॉमस डॅनियलने लेण्यांची चित्रे १८०३ मध्ये छापली होती, सीलीचे वेरूळवरचे अख्खे पुस्तक १८२४ चे, आणि फर्ग्युसन व बर्जेस यांचा लेण्यांवरचा मोठा ग्रंथ नेमका १८८० चा. तरी इथल्या माणसाला चुका लगेच दिसतात. शहराजवळची नदी व्हर्नने दुधना केली आहे. शहरातून वाहते ती खाम, दुधना पूर्वेला आहे. औरंगाबाद मुंबई इलाख्यात नव्हते, निजामाच्या मुलखात होते. आणि वेरूळची लेणी म्हणजे आत आत जाणारी भुयारे नव्हेत. बेसॉल्टच्या कड्यात पश्चिमेकडे तोंड करून ओळीने कोरलेली ही चौतीस लेणी दिवस मावळताना उन्हाने भरून जातात. फरारी माणसाने लपण्यासाठी ही जागा निवडली, तर संध्याकाळी साऱ्या पंचक्रोशीला तो दिसेल.

व्हर्नला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती, नाहीतर त्याने ती सोडली नसती. वेरूळची पाटीलकी मालोजीराजे भोसल्यांची. शिवाजी महाराजांच्या आजोबांचे हे गाव. घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी आजचे देऊळ उभे केले. शेवटच्या पेशव्याच्या दत्तकपुत्राने आश्रयाला यावे ते भोसल्यांच्या मूळ गावी! माझी लेखणी त्या स्मरणिकेत घसरली ती नेमकी इथे. हा योग इतका सुंदर होता की तो खरा असावा असे मला वाटू लागले.

इतिहासातले नानासाहेब

खरे नानासाहेब, धोंडोपंत, १८२४ मध्ये कर्जतजवळच्या वेणगावात जन्मले. १८२७ मध्ये बाजीराव दुसऱ्याने त्यांना ब्रह्मावर्तात दत्तक घेतले. १८५१ मध्ये बाजीराव गेले आणि आठ लाखांचे पेन्शन कंपनीने पुढे चालवले नाही. १८५७ चा जून-जुलै कानपुरात काय घेऊन आला ते सर्वांना माहीत आहे. पराभवानंतर नानासाहेब नेपाळच्या तराईत गेले आणि १८५९ मध्ये तिथेच तापाने वारल्याची बातमी आली. इंग्रजांचा तिच्यावर पुरता विश्वास बसला नाही. त्यांच्या डोक्यावर एक लाख रुपयांचे इनाम होते. त्या काळच्या दराने ते दहा हजार पौंड भरतात, म्हणजे व्हर्नने ते पाचपटीने स्वस्त केले. १८७४ मध्ये ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी नानासाहेब म्हणून एक माणूस पकडून दिला. त्याला कानपुरात नेऊन ओळख पटवण्याचा खटाटोप झाला आणि तो नाना नव्हे असे ठरले. ही बातमी ताजी असतानाच व्हर्नने कादंबरी लिहिली. नाना पुन्हा प्रकट होतो ही कल्पना त्या काळच्या वाचकाला अशक्य वाटली नसावी.

आमच्या भागातले सत्तावन मात्र खरे आहे, आणि ते व्हर्नच्या पात्रांत कुठेही नाही. जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ औरंगाबादेत होते. आपल्याला दिल्लीकडे, आपल्याच लोकांवर नेणार या शंकेने स्वार बिथरले. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. काही निसटले, काही पकडले गेले, आणि त्यांतल्या काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. आज तिथे क्रांती चौक आहे. जुनी माणसे त्या जागेला काळा चबुतरा म्हणत. नाशिक-नगरच्या डोंगरांत भागोजी नाईकाने भिल्लांना घेऊन १८५९ पर्यंत झुंज दिली. कादंबरीतला नाना मन्रोला तोफेशी बांधतो तेव्हा युरोपातल्या वाचकाच्या अंगावर काटा येत असेल. ती शिक्षा औरंगाबादेत कोणी कोणाला दिली, हे काळ्या चबुतऱ्याला माहीत आहे. व्हर्नच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की उठावाच्या प्रकरणात तो इंग्रजांच्या सूडाचीही नोंद करतो. पण ती नोंद एका प्रकरणात संपते, आणि कथा मात्र कर्नल मन्रोच्या दुःखाची राहते.

एकाच लेखणीचे दोन बंडखोर

आता दोघांना शेजारी ठेवून पाहू. लेखक एक, उठाव एक, शत्रू एक. दोघांनी आपली माणसे गमावली, दोघे सूडाने पेटले आहेत, आणि दोघांची नावे नाहीशी झाली आहेत : एकाने स्वतःला ‘कोणीही नाही’ म्हणवून घेतले, दुसऱ्याने भिंतीवरचे नाव फाडले. नेमो एक युद्धनौका माणसांसकट बुडवतो आणि नंतर बायको-मुलांच्या चित्रापुढे हुंदके देतो. आपण त्याला क्षमा करतो. नाना एका माणसाला तोफेशी बांधतो, तर तो सैतान. हा फरक कुठून आला?

एक उत्तर सरळ आहे. कानपूर. सतीचौरा घाट आणि बिबीघर यांच्या नावाने युरोप हादरला होता. खऱ्या माणसाच्या नावाला जे चिकटले ते कल्पित राजपुत्राला चिकटत नाही. दुसरे उत्तर मला जास्त पटते. नेमो वीस वर्षे युरोपात शिकला आहे. तो फ्रेंच बोलतो, ऑर्गन वाजवतो, त्याच्या ग्रंथालयात बारा हजार पुस्तके आहेत. तो युरोपीय वाचकाशी त्याच्याच दिवाणखान्यात बसून बोलतो. नानासाहेब आपल्याच लोकांत, आपल्याच भाषेत राहतो. म्हणून तो समजून घेण्याचा विषय होत नाही, शोधून मारण्याचा होतो. पारतंत्र्यातला बंडखोर आपल्यासारखा झाला तरच तो नायक, अशी ही अट आहे.

पण हा ठपका एकट्या व्हर्नवर ठेवून मला सुटता येत नाही. नेमोच्या हातून बुडालेल्या खलाशांचा विचार मी तरी कधी केला होता? नानासाहेबांवर मराठीत अभिमानाने लिहिताना बिबीघरात मारल्या गेलेल्या बायका-मुलांची हकिकत आपण किती ओळींत आटोपतो? त्यांच्या मृत्यूची जबाबदारी नेमकी कोणाची यावर अभ्यासकांत वाद आहेत, आणि ते असावेत. पण वाद आहे म्हणून ती माणसे मेलीच नाहीत असे होत नाही. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ मला म्हणूनच पुनःपुन्हा वाचावासा वाटतो. वरसईचा हा भिक्षुक पैसे मिळवायला उत्तरेत गेला आणि उठावात सापडला. तो झाशीच्या राणीचे मनापासून कौतुक करतो आणि लुटीची, कत्तलीची भीतीही लपवत नाही. व्हर्नची कादंबरी आणि गोडशांचे लेखन जवळपास एकाच काळातले. पण गोडशांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये, तेही काटछाट करून, छापले, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ मध्ये वाचकांपुढे आली. नेमोप्रमाणे विष्णुभटही आपल्यापर्यंत पोचताना कातरला गेला. कातरणारे हात या खेपेला आपले होते.

एक खटकणारी गोष्ट उरते. डक्कर राजपुत्र, धोंडोपंत पेशव्याचा दत्तक मुलगा. परक्या कादंबरीकाराला राजपुत्रच नायक किंवा खलनायक म्हणून सुचले, हे समजू शकते. पण काळ्या चबुतऱ्यापासून तीस किलोमीटरवर राहून मीही गावासाठी सत्तावनचा नायक शोधायला फ्रेंच कादंबरीकडे गेलो. त्या स्वारांचे नाव स्मरणिकेत घालावे असे मला सुचले नाही.

त्या तरुणाला मी घरी बोलावले. पुस्तक दाखवले, प्रकरण वाचून दाखवले. तो थोडा हिरमुसला. म्हणाला, “काका, लोकांना हे फार आवडतं हो.” मी म्हणालो, मग सांग, पण पूर्ण सांग. परदेशातल्या एका मोठ्या लेखकाला कधीही न पाहिलेले आपले गाव नानासाहेबांना लपवण्याजोगे वाटले, ही गोष्ट खरी आहे आणि ती सांगण्यासारखीही आहे. आणि त्यांना शहराकडे परतताना क्रांती चौकात दोन मिनिटे थांबायला सांग.

परवा तो पुन्हा दिसला. सोळाव्या लेण्यात, कैलास हलवणाऱ्या रावणापुढे लोकांना घेऊन उभा होता. वर शिव-पार्वती, आणि खाली डोंगराखाली अडकलेला, वीस हातांनी जोर लावणारा रावण. एका लहान मुलीने विचारले, “दादा, हा चांगला का वाईट?” तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या.